कॅचरला आधी कळतं

मी बेसबॉल बघते हे कळलं की इथली, जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनमधली मराठी मंडळी आधी हसतात आणि मग विचारतात, क्रिकेट का सोडलंस? मी ते कधी धरलंच नव्हतं. जळगावला आमच्या शाळेत मुलींसाठी सॉफ्टबॉल होता, आणि पाचवीपासून बारावीपर्यंत मी कॅचर होते. म्हणजे बॅटिंग करणारीच्या मागे उकिडवं बसायचं आणि पिचरने टाकलेला प्रत्येक बॉल पकडायचा. पुढे इंजिनिअरिंग, पुण्यात नोकरी, लग्न, आणि मग इथे गाड्यांच्या ब्रेकवर काम करणाऱ्या एका कंपनीत. मध्यंतरी कंपनीने आठ महिने अमेरिकेत पाठवलं होतं. तिथे एका बेसबॉल टीमच्या नादी लागले ती कायमची. त्यांच्या मॅचेस होतात तेव्हा इथे आपण झोपलेले असतो, त्यामुळे सकाळी एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, बसलं की निकाल वाचायचा, अशी सवय लागली.

निकालाच्या खाली जखमी खेळाडूंची बातमी असते. त्यात निम्म्याहून जास्त पिचर. कुणाचं कोपर, कुणाचा खांदा. आज इतके बॉल टाकले, परवा तितके टाकणार, मग छोट्या लीगमध्ये एक मॅच, मग बघू. हे वाचून मला वैताग यायचा. आमच्या टीमचा एक पिचर वर्षभर असाच 'प्रगतीपथावर' होता. एकदा मी फॅन लोकांच्या पानावर खोट्या नावाने लिहिलं की याला आता आराम पुरे झाला, हातात बॉल द्या. पुष्कळ लोकांनी ते लाइक केलं. मला दिवसभर बरं वाटत होतं.

आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर एका क्लबचं बेसबॉलचं मैदान आहे. शनिवारी नवरा भाजीपाला आणि केरकचरा बघायचा आणि मी मॅचला जायचे. मॅच म्हणजे कडेच्या लाकडी बाकांवर चाळीस-पन्नास माणसं, बटाट्याचं सॅलड, आणि एखाद्याचं कुत्रं. तिथला मुख्य पिचर एकतीस वर्षांचा, धंद्याने सुतार, लोकांच्या घरी स्वयंपाकघरातली कपाटं बसवणारा. उंच, बोलका. दोन बॉलच्या मध्ये सुद्धा समोरच्या टीमशी गप्पा मारायचा. एका ऑगस्टमध्ये मॅच चालू असताना त्याचा एक बॉल भलतीकडे, थेट जाळीवर गेला. त्याने कोपर धरलं आणि कुणाकडे न बघता चालत बाहेर आला. कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट फाटलं होतं. ऑपरेशनमध्ये त्याच्याच मनगटाकडचा एक स्नायूबंध काढून तिथे बसवला. डॉक्टर म्हणाले, वर्ष लागेल, जास्तही लागेल.

जानेवारीत क्लबच्या बैठकीत ट्रेनरनी विचारलं, मंगळवारी आणि गुरुवारी साडेसहाला कोण मोकळं असतं? ट्रेनर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे शिक्षक, कमी बोलणारे. पिचरचं बॉल टाकणं आता सुरू होणार होतं आणि समोर पकडायला कुणीतरी हवं होतं. क्लबचा कॅचर कारखान्यात पाळीवर असायचा. कुणी हात वर करेना, म्हणून मी केला. मी सॉफ्टबॉल खेळत होते हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. ट्रेनरनी मला तीन बॉल टाकून बघितले आणि क्लबचं जुनं मिट, कॅचरचा तो जाड हातमोजा, माझ्या हातात दिलं.

पहिल्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये आम्ही पंधरा मीटरवर समोरासमोर उभे राहिलो. फिजिओथेरपिस्टने कागदावर लिहून दिलं होतं: पंचवीस बॉल, दहा मिनिटं विश्रांती, पुन्हा पंचवीस. त्याने पहिला बॉल टाकला तो गॅलरीतून खाली कुणाकडे किल्ल्या टाकाव्यात तसा. या माणसाचे बॉल मी बाकावरून पाहिले होते, मिटमध्ये बसले की फाटकन आवाज यायचा. आता तो बॉल सोडायचा आणि बॉल कुठे गेला ते बघायचाच नाही. मान किंचित तिरकी करून थांबायचा. त्याचं सगळं लक्ष कोपराकडे असायचं. पन्नास बॉल संपले तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, आणि बाहेर बर्फ होतं.

फेब्रुवारीत वीस मीटर, मार्चमध्ये बाहेर गवतावर तीस. मे महिन्यापर्यंत माझा डावा तळहात सुजून पोळ्या लाटताना दुखायला लागला, आणि मला त्याचा आनंद व्हायचा, कारण याचा अर्थ त्याच्या बॉलला वजन येत होतं. एखाद्या मंगळवारी सुंदर टाकायचा आणि गुरुवारी काहीच धड नाही. दोन्ही दिवशी कागदावर मात्र एकच टीप, 'झालं'. बातमीत प्रगतीपथावर म्हणतात ते हे, आणि त्यात पथ असा दिसतच नाही. तो मला सांगायचा की सर्वात कठीण काय, तर कपाट बसवताना ड्रिल कोणत्या हातात धरायचं हे आता विचार करून ठरवावं लागतं. मालकाने त्याला ऑफिसमध्ये मोजमापाच्या कामाला बसवलं होतं. तिथे त्याला मुळीच करमत नव्हतं.

जूनमध्ये तो माउंडवर चढला. माउंड म्हणजे मैदानाच्या मधला मातीचा उंचवटा, पिचरची खरी जागा. मी साडेअठरा मीटरवर उकिडवी बसले. सगळं ठीक चाललं होतं. मग महिन्याच्या शेवटी एका मंगळवारी त्याचे बॉल माझ्या डावीकडे, वर जायला लागले. एक गेला तर गेला, पण ओळीने चार गेले. हात नेहमीपेक्षा खालून येत होता. दोन बॉलच्या मध्ये तो बोटं पँटला पुसत होता, झटकत होता. आणि गप्प होता. हा माणूस गप्प आहे हेच मला आधी खटकलं.

मी उठून त्याच्याकडे गेले. दुखतंय का, विचारलं. तो म्हणाला, थोडं ओढल्यासारखं वाटतं, नेहमीचंच आहे. मग खाली बघत म्हणाला, "ट्रेनरना काही सांगू नकोस. ऑगस्टमध्ये मला खेळायचंय."

त्या दिवशीचे उरलेले बॉल मी पकडले. घरी आले तर जेवण जाईना.

नवऱ्याने विचारलं तेव्हा मी त्याला जळगावची गोष्ट सांगितली. वीस वर्षांच्या संसारात ती कधी सांगितली नव्हती. दहावीत आमची शाळा विभागातून राज्याच्या स्पर्धेला गेली होती. पिचर माझी मैत्रीण, एका बाकावर बसणारी. सेमीफायनलनंतर नळावर हात धुताना ती म्हणाली होती, माझा हात खांद्यापासून सुन्न पडतोय, सरांना सांगू नकोस. मला ते आधीच माहीत होतं. शेवटच्या दोन इनिंगमध्ये तिचा बॉल पोचायच्या आधीच मरत होता, आणि हे पूर्ण मैदानात फक्त कॅचरला कळतं. पण फायनल होती, क्रीडागुण होते, आणि मी शब्द दिला होता. मी सांगितलं नाही. सरांनी बाम चोळला, ती खेळली, आम्ही हरलो. त्यानंतर तिने कधी बॉल टाकला नाही. आता ती भुसावळला शाळेत शिकवते, आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतो. तिने मला कधी दोष दिला नाही. एकदा मुलीच्या वेण्यांवरून बोलणं निघालं तेव्हा सहज म्हणाली, मी अजून डाव्या हातानेच केस विंचरते गं.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तेव्हा तुम्ही दोघी पंधरा वर्षांच्या होतात. हा एकतीस वर्षांचा बाप्या आहे. हात त्याचा आहे."

"पकडतेय मी," मी म्हणाले.

"मग पकडू नकोस. पण पाठीमागून सांगायला जाऊ नकोस."

मला ते पटलं. निदान तेव्हा पटलं. गुरुवारी मी मैदानावर गेले, पण मिट पिशवीतून काढलंच नाही. त्याला म्हणाले, तू फिजिओकडे जाऊन येईपर्यंत मी बसणार नाही. तो आधी हसला. मग मी खरंच बसत नाही हे पाहून त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, तू बाकावर बसून बघणारी बाई, तुला काय कळतं. त्याने बॉलची बादली उचलली, सरावाची जाळी ओढून समोर लावली आणि तिच्यात बॉल टाकायला लागला. जोरात. मी गाडीत जाऊन बसले. काच खाली होती आणि जाळीवर बॉल आपटल्याचा आवाज येत होता, आणि मध्ये मध्ये जाळीच्या लोखंडी खांबाचाही, म्हणजे नेम चुकत होता. नवऱ्याचं म्हणणं मला तेव्हाही पटत होतं. तरीही मी ट्रेनरना फोन लावला.

ते सायकलवरून वीस मिनिटांत आले. रागावले वगैरे नाहीत. त्याच्या हातातला बॉल घेतला, बादलीत टाकला, बादली उचलून क्लबच्या खोलीत नेऊन कुलूप लावलं. पिचर माझ्या गाडीच्या शेजारून चालत गेला. थांबला नाही.

एमआरआयमध्ये दिसलं की नवा स्नायूबंध शाबूत आहे, बाजूच्या स्नायूला सूज आहे. तीन आठवडे बॉलला हात लावायचा नाही, आणि मग पुन्हा पंधरा मीटरपासून. ऑगस्टमध्ये खेळणं हुकलं. हे मला ट्रेनरकडून कळलं, कारण तो माझ्याशी बोलत नव्हता. शनिवारी मी मॅचला गेले की तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायचा. एक-दोन जण माझ्याशीही जरा तुटक वागू लागले. ते दिवस वाईट गेले. बरोबर केलं असं मला स्वतःलाही छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं. मी हे त्याच्यासाठी केलं की तीसेक वर्षांपूर्वी एका नळापाशी राहून गेलेल्या वाक्यासाठी, याचा मी बराच विचार केला. दोन्ही असावं. पण किंमत त्याच्या उन्हाळ्याने मोजली, माझ्या नाही.

पाच आठवड्यांनी एका सोमवारी फोनवर मेसेज आला. पंधरा मीटर, उद्या साडेसहा, जमेल का?

मी गेले. पंचवीस बॉल झाले. विश्रांतीच्या वेळी तो गवतावर बसला, सफरचंदाच्या रसाची बाटली उघडली आणि म्हणाला, "मी डॉक्टरना विचारलं, तसंच टाकत राहिलो असतो तर काय झालं असतं. ते म्हणाले, कदाचित फाटलं असतं, कदाचित सूज आपोआप उतरली असती. आल्झो, म्हणजे तू बरोबर होतीस का, हे कुणालाच सांगता येणार नाही."

"मलाही नाही," मी म्हणाले.

"पण मी जाळीत टाकत होतो तेव्हा दुखत होतं. खूप." मग तो उठला. "चल, अजून पंचवीस."

माफी कुणी मागितली नाही, ना त्याने ना मी. तेवढ्यावर आमचं पुन्हा सुरू झालं. गप्पा परत यायला मात्र आणखी दोन आठवडे लागले. त्याने एकदा मला विचारलं की तुला एवढं पकडायला कुठे शिकवलं, आणि मी त्याला शाळेबद्दल सांगितलं. मैत्रिणीबद्दल नाही.

सप्टेंबरच्या शेवटी सीझनची शेवटची मॅच होती. हरलो-जिंकलो तरी फरक पडणार नव्हता, म्हणून ट्रेनरनी त्याला एक इनिंग दिली, वीस बॉलची मर्यादा घालून. पकडायला क्लबचा नेहमीचा कॅचर होता. मी बाकावर. तो माउंडवर चढला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि माझे हात मांडीवर घट्ट धरलेले होते. पहिल्या माणसाला त्याने चार वाईट बॉल टाकून फुकट पहिल्या बेसवर जाऊ दिलं. दुसऱ्याने मारलं, एक रन गेली. मग दोघं झेल देऊन बाद झाले. शेवटच्याला त्याने तीनदा चुकवलं. एकूण एकोणीस बॉल. माझ्या शेजारचे आजोबा म्हणाले, पूर्वीचा वेग राहिला नाही याचा. ते खरंच होतं. वर्षभरापूर्वी हे वाक्य मीच म्हटलं असतं, आणि एवढंच बघून घरी गेले असते. या वेळी रन गेली ती मी नीट पाहिलीसुद्धा नाही. मी त्याची बोटं बघत होते. पँटला पुसतोय का, झटकतोय का. नव्हता. कॅचरशी काहीतरी बोलत होता, आणि बहुतेक त्या मारणाऱ्याशीही.

मॅचनंतर सगळे जाळ्या गुंडाळत होते, क्लबच्या खोलीबाहेर सॉसेज भाजत होते. तो कोपरावर बर्फाची पिशवी बांधून माझ्यापाशी आला आणि विचारलं, बाहेरून कसं दिसलं?

मी म्हणाले, "दुसऱ्या माणसाला टाकलेला तिसरा बॉल हातातून उशिरा सुटला. बाकी ठीक."

"गेनाऊ," तो म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर. "मलाही तोच वाटला."

आता हिवाळा आहे आणि तो हॉलमध्ये आठवड्यातून दोनदा टाकतो. पुढच्या सीझनला पिचर म्हणून उभा राहील की पहिल्या बेसवर, जिथे फारसं फेकावं लागत नाही, हे ठरलेलं नाही. त्याने ड्रिल पुन्हा उजव्या हातात घेतलंय. माझे गुडघे आता उकिडवं बसू देत नाहीत, म्हणून मी स्टूलवर बसून पकडते.