म्हैस पॅकेजात बसत नाही

आमच्या काष्टीच्या बाजारात चहाच्या टपरीवर देशाचे निम्मे प्रश्न सुटतात. उरलेले मी एकटा सोडवतो. माझी सगळी नोकरी सुप्याच्या कारखान्यात झाली. तिथं पहारेकऱ्यापासून कँटीनच्या पोह्यांपर्यंत सगळं कंत्राटावर, त्यामुळे कंत्राटावर माझी भारी श्रद्धा. पुरात अडकलेल्यांना काढणारी हेलिकॉप्टरं सरकारनं खर्च वाचवायला खासगी कंपनीकडे सोपवली, तेव्हा टपरीवर टाळी वाजवणारा मीच.

"वर्षभर हत्ती पोसायचा आणि पूर दोन दिवस! आता फेरी मारली तर पैसे. सरळ काम."

"आन फेरीच न्हाई मारली तर?" टपरीवाल्या चुलतभावानं विचारलं.

"तू चहा उकळ."

त्याच पावसाळ्यात धरणाचं पाणी सुटलं. भोंगा मी ऐकला होता. पण घोडेगावच्या बाजारातून आणलेली आमची म्हैस नदीतल्या उंचवट्यावर चरत होती, आणि तिचे दिवस भरत आले होते. तिला आणायला गेलो खरा, पण तिथं एका मित्राचा फोन आला आणि त्याला कंत्राट पद्धतीचे फायदे सांगत मी उभा राहिलो. फायदे संपले तेव्हा दोन्ही अंगांनी पाणी होतं.

काठावरून बायकोचा फोन. "अवो, तिचं शेपूट धरा आन या. मामंजी सारा जन्म असंच नदी उतरले."

"वडलांच्या वेळी हेलिकॉप्टर नव्हतं."

"मग बसा वाट बघत. माजी म्हस तेवढी पुढं पाठवा."

मी बाणेदारपणे कंपनीला फोन लावला. पोरगी फार गोड बोलत होती.

"सर, जवळची खूण?"

"पाणी."

"आपण एकूण किती जण?"

"दोघं. एक गाभण आहे."

"अरे देवा! मॅडमना कळा सुरू झाल्यात का?"

"मॅडम म्हैस आहेत."

पलीकडे कळफलक खडखडला. मग म्हणाली, "सॉरी सर, म्हैस पॅकेजात बसत नाही."

खोटं कशाला बोलू, हेलिकॉप्टर आलं. माझ्या पायाला पाणी लागलं तेव्हा आलं, पण आलं. वरून पट्टा खाली सोडला. मी म्हशीकडे बोट दाखवलं. वरच्या माणसानं मान हलवली. एका हातात पट्टा, दुसऱ्या मनगटाला दावं. तिच्या पोटात रेडकू, आणि तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दलचं नेहमीचं मत. तिला सोडून वर गेलो असतो तर टपरीवर मान राहिला असता. घरात पाणीही मिळालं नसतं. पण खरं सांगतो, घरचं तेव्हा आठवलंच नाही. ती माझा सदरा चाटत होती.

मी पट्टा सोडला. पुढं काय करायचं याचा विचार करणार, तोवर पंख्याच्या वाऱ्यानं म्हैस बिथरली आणि सरळ पाण्यात शिरली. मी धाडसानं शेपूट धरलं, असं मी पाहुण्यांना सांगतो. प्रत्यक्षात दाव्यानं मला ओढून नेलं आणि नाकातोंडात पाणी गेल्यावर हाताला जे लागलं ते शेपूट निघालं. वर हेलिकॉप्टर, खाली म्हैस, मागे मी, अशी आमची वरात काठाला लागली.

हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानात उतरलं. त्यातला माणूस पळत आला. "काका, सुटका झाल्याचा एक फोटो पाहिजे. कंपनीला दाखवावा लागतो."

"मग तिचा काढा," बायको म्हशीचं अंग पुसत म्हणाली. "ह्यांचा कशाला?"

दुसऱ्या दिवशी टपरीवर मी मान खाली घालून बसलो. चुलतभावानं न मागता चहा दिला.

"खाली कशाला बघतो? तुजंच खरं निघालं की. म्हस तरी कुठं सरकारी हाय?"

आठवड्याभरात म्हैस व्याली. रेडी झाली, धडधाकट. बायकोनं खरवस केला, घरोघर वाट्या धाडल्या. मी ताट पुढं ओढलं, तर तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं.

"थांबा. आधी त्या हेलिकॉप्टरवाल्यांचा डबा भरते. त्यांनी तिला भ्या दाखवलं नसतं, तर तुमी आजूनबी तितंच फायदे सांगत बसला असता."