अण्णांची स्थळप्रत

देवाचं आणि माझं कधी फारसं जमलं नाही, हे आधीच कबूल करतो. आई आमच्याकडे राहायला आल्यापासून तिच्या देव्हाऱ्याची पूजा माझ्याकडे आली, पण ती म्हणजे अंघोळीनंतरची चार मिनिटं. देव ताम्हनात काढायचे, पाणी, गंध, फूल, की पुन्हा जागेवर. घंटा वाजवताना डोळा मनगटावरच्या घड्याळाकडे. माझा स्वभावच तसा, बूड म्हणून एका जागी टिकत नाही. सगळं रामायण घडलं तेही त्याच्यामुळेच.

विमा कंपनीतल्या नोकरीमुळे तेव्हा आम्ही जयपूरला होतो. माझे वडील, अण्णा, गेले आणि मी आईला साताऱ्याहून इकडे आणलं. तिच्याबरोबर तिचा देव्हारा आला आणि अण्णांचा कॉम्प्युटर. अण्णा जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते. रिटायर झाल्यावर त्यांनी घरातले सगळे जुने फोटो स्कॅन करून एका प्रोग्राममध्ये लावले आणि प्रत्येक फोटोखाली एक-एक ओळ लिहिली. आयुष्यभर इंग्रजी टाइपरायटर बडवलेला, म्हणून अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. आईचं विसरणं तोवर वाढत चाललं होतं. सकाळचं जेवण दुपारी आठवायचं नाही. पण संध्याकाळी मी फोटो दाखवून खालची ओळ वाचली, "कमलचं लग्न. जिलबी कमी पडली, कोणाला कळू दिलं नाही," की ती खुदकन हसायची आणि सगळी पंगत उभी करायची. ओळ वाचली नाही, तर तोच फोटो तिला परका.

तो प्रोग्राम बनवणाऱ्यांनी तो कधीच बंद केला होता आणि कॉम्प्युटरही धापा टाकू लागला होता. मी नवा कॉम्प्युटर घेतला, त्यावर फोटोंचा नवा प्रोग्राम घातला. "जुने फोटो आणू का?" असं त्याने विचारलं, मी हो म्हटलं, आणि हजारो फोटो सरसर येऊन बसले. झालं काम! दुसऱ्याच दिवशी जुना कॉम्प्युटर पुसून सांगानेरकडच्या एका शाळेला देऊनही टाकला. "आठ दिवस राहू द्या की, तुमच्याकडे काय खायला मागतोय?" असं आमची ही म्हणाली होती. पण ऐकेन तो मी कसला! संध्याकाळी आईला घेऊन बसलो. फोटो सगळे होते. ओळी नव्हत्या. एकही नाही.

पुढचे पंधरा दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शाळेत जाऊन आलो, मशीनमध्ये काही उरलं नव्हतं. ओळखीच्या चार जणांना विचारलं. ओळी फोटोत नसतात, जुन्या प्रोग्रामच्या वेगळ्या फाइलमध्ये असतात, आणि ती फाइल मी स्वतःच्या हाताने पुसली होती. आई रोज संध्याकाळी फोटोवर बोट ठेवून विचारायची, "हे कोण रे?" अर्धे चेहरे मलाही ठाऊक नव्हते. मी काहीबाही सांगायचो, ती मान हलवायची, "नाही, तसं नव्हतं ते." आणि मग म्हणायची, "देवाखाली असेल बघ." एकदा, दोनदा, रोज. एका संध्याकाळी माझा तोल गेला. "देवाखाली फळी असते, आई! लाकडाची फळी!" मी ओरडलो. ती घाबरून पदराशी चाळा करत बसली, आणि त्यानंतर तिने फोटो मागितलेच नाहीत.

रविवारी हीच म्हणाली, "जरा देवळात जाऊन या. घरात सगळ्यांच्या अंगावर धावून जाताय." गेलो गोविंददेवजींना. गर्दीतून घुसत पुढे पोचतो, तोच राजभोगाची झांकी, म्हणजे दुपारच्या नैवेद्याचं दर्शन, संपली आणि गाभाऱ्याच्या दाराचे पट बंद झाले, माझ्या नाकासमोर. मी मोठ्याने चरफडलो, "इथंही तेच!" शेजारी पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ हात जोडून उभे होते. माझी मराठी त्यांना कळली नसावी, पण सूर कळला. हसून म्हणाले, "भाईसाहब, ठाकुरजी आराम कर रहे हैं। गए थोड़े ही हैं।"

का कोण जाणे, मला रडू फुटलं. पंचावन्न वर्षांचा माणूस, भर देवळात! पायरीवर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. ते निघाले कॉम्प्युटर दुरुस्तीवाले, मुरलीपुऱ्यात दुकान. त्यांनी फोटोंचं काही विचारलंच नाही. विचारलं, "पिताजी क्या करते थे?" हेडक्लार्क, मी म्हणालो. "तो नक़ल रखे बिना मानेंगे नहीं। घर जाके ढूँढिए।"

नक्कल! मी ताडकन उठलो. अण्णा स्वतःजवळ स्थळप्रत ठेवल्याशिवाय साधं पोस्टकार्डही टाकत नसत. पण ट्रंका, कपाटं, फायली, सगळं पालथं घातलं तरी काही मिळेना. आई दारात येऊन उभी राहिली आणि भीतभीत म्हणाली, "दसऱ्याचं पूजेचं देवाखाली असतं ना रे?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दसऱ्याला आमच्याकडे पाटी, पुस्तकं, हत्यारं पूजेला मांडतात. अवजड कॉम्प्युटर पाटावर कसा ठेवणार? त्याच्याऐवजी अण्णांनी दुसरं काहीतरी पूजलं असणार. मी देव उतरवले, आणि रोज ज्याच्यावर ते ठेवत होतो ते लाल वस्त्र पहिल्यांदाच उचललं. खाली प्लॅस्टिकच्या पाकिटात सीडी होती. वर हळदकुंकू, आणि अण्णांच्या वळणदार अक्षरात: "फोटो, ओळींसह. स्थळप्रत."

मुरलीपुऱ्याच्या त्या गृहस्थांकडे तो जुना प्रोग्राम एका जुन्या मशीनवर अजून चालत होता. सीडीला लागलेलं कुंकू त्यांनी कापसाने हळूहळू टिपलं. पूजेचं ते, सांडू नये म्हणून कापूस कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. चार दिवसांनी ओळी मिळाल्या. त्यांनी त्या आता फोटोंच्याच पोटात घातल्या होत्या, उद्या हाही प्रोग्राम बंद पडला तरी जाणार नाहीत अशा.

याला चमत्कार म्हणा, योगायोग म्हणा, मी वाद घालणार नाही. पंधरा दिवस मी जे गावभर शोधत होतो, ते रोज सकाळी माझ्या हाताखाली होतं. आई सांगत होती, आणि मला ऐकायला सवड नव्हती. त्या दिवशी पट माझ्यासमोर बंद झाले नसते, तर मी नमस्कार उरकून स्कूटरला किक मारली असती. म्हणून त्या बंद पटांना मी आजही हात जोडतो. पूजेला बसताना घड्याळ काढून ठेवतो. आईची माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "कशाबद्दल रे?" विसरली होती. ती माझ्यावरची आणखी एक कृपा.

सगळंच मात्र परत आलं नाही. सीडी अण्णांच्या शेवटच्या दसऱ्याची. त्यानंतर अण्णा सहा महिने होते, तेवढ्या फोटोंना ओळी नाहीत. पूर्वीचा मी असतो तर त्याच्यावरही डोकं आपटून घेतलं असतं. आता म्हटलं, दिलं तेवढं पुष्कळ आहे. त्यातला शेवटचा फोटो मी काढलेला, साताऱ्याच्या व्हरांड्यात अण्णा पेपर वाचताहेत. "याला ओळ नाही, आई," मी म्हणालो, "तू सांग, मी लिहितो."

ती बराच वेळ बघत राहिली. मीही घाई केली नाही.

"लिही," ती म्हणाली. "पेपर वाचताहेत. हाक मारू नका, येतील आत्ता."