जनामावशीच्या केसांतला ब्रश

आमच्या कारखान्यात ब्रश हरवला की आधी जनामावशीचं डोकं तपासायचं, असा नियमच होता. कारखाना म्हणजे गणपतींचा. आमच्या पेणमध्ये कारखाना म्हटलं की दुसरं काही मनात येत नाही. मावशीचे केस इतके दाट आणि बारीक कुरळे, की त्यांत खोचलेला ब्रश ती वाकली तरी पडायचा नाही. डोळ्यांचा एक, भुवयांचा एक, नक्षीचा एक, सगळे डोक्यात, आणि बाई साऱ्या कारखान्यावर ओरडतेय, "माजा ब्रश कुनी नेला गो?" मी म्हणायची, "मावशी, डोक्याला हात लाव." हात लागला की ती स्वतःलाच अशी खदखदून हसायची, की माझाही राग पळायचा. आणि माझा राग असा सहजासहजी पळत नाही, हे घरात कुणालाही विचारा.

मावशी आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. साचा, अस्तर, अंगाचा रंग, दागिने, सगळं झाल्यावर शेवटी आखणी. माझे वडील, अण्णा, कारखान्याचे मालक. त्यांचा दंडक असा की एकदा डोळे उघडले की त्या मूर्तीवर ओला फडका फिरवायचा नाही. चुकलेलं असलं तरी नाही. देव बघायला लागला, आता त्याच्या तोंडावर फडका मारायचा म्हणजे काय? त्यामुळे श्रावणात गिऱ्हाईकं दारात घोंगावत असली तरी मावशीला कुणी घाई करायचं नाही. केलीच, तर ती शांतपणे म्हणायची, "घाई केली की देव तिरळा होतो. आन मंग वर्सभर तुमच्याकडंच बघत बसतो."

गिऱ्हाईकं मूर्ती बघायची आणि मग मावशीकडे बघत राहायची. काळा कुळकुळीत रंग, रुंद नाक, तो केसांचा डोंगर. एकजण न राहवून विचारायचाच, "बाई कुठल्या?" "रोह्याची." "तसं नाही, मूळच्या?" मावशी ब्रश न उचलता म्हणायची, "मूळची पन रोह्याचीच. तुमी मूळचे कुठले?" बिचारा लगेच मूर्तीचा भाव विचारायला लागायचा. मला असे लोक सापडले असते तर मी त्यांना बिनरंगाचाच गणपती दिला असता.

खरी गोष्ट तिनं मला डबा खाताना सांगितली होती. तिचा बाप सिद्दी, मुरूडकडचा. कित्येक पिढ्यांमागे आफ्रिकेतून समुद्रावरून आलेली आणि इथलीच होऊन गेलेली ती माणसं. तो ट्रक चालवायचा. आई कातकरी, रोह्याच्या डोंगरात कोळशाच्या भट्टीवर राबायची. "बाप कोळसा भरायला आला न् आयला भरून घेऊन गेला," असं मावशी सांगायची आणि हसायची. बापानं नाव ठेवलं जैनब, आई म्हणायची जनी. मावशी लहान असतानाच बाप तापानं गेला. त्याच्याकडच्यांनी सांगितलं, ही जंगलातली पोर, आमची नाय. आई पोरीला घेऊन खांब गावाच्या पुढे डोंगरालगतच्या आपल्या वाडीवर परत आली, तर तिथली माणसं म्हणाली, ही खाडीपल्याडची. "दोनी घरं माजी, आन दोनी दारं बंद," मावशी म्हणाली. तेव्हा मात्र ती हसली नाही.

त्या वाडीवर मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिचं घर बघून दारातच थांबले. कारखान्यात उरलेला रंग अण्णा तिला देऊन टाकायचे. त्या रंगांनी बाईनं सगळ्या भिंती रंगवल्या होत्या. कुंडलिका नदी, डोंगर, धुमसणारी भट्टी, डोक्यावर पाटी घेतलेली आई, लहानपणी पाहिलेला बापाकडचा समुद्र. आणि एक मोठा ट्रक. ट्रकच्या खिडकीत माणूस होता, स्टिअरिंगवर त्याचे मोठे मोठे हात होते, पण तोंडाच्या जागी नुसता तपकिरी गोळा. "तोंड आठवत नाय गो," मावशी म्हणाली. "फोटू नाय एक पन. हातच आठवतात. मी रडाया लागली की बसते हितं भिताडापुढं न् रंग लावते. रंग लावता लावता रडू जिरतं." हजारो देवांचे डोळे काढणारी बाई, आणि बापाचे डोळे काढता येत नव्हते. मला फार वाईट वाटलं.

मावशीचा नवरा डोलवीला कंपनीत कंत्राटावर होता, शिफ्ट सांभाळून असायचा. पोर एकच, नंदा. आईचा रंग, आईचे केस, बारावी झालेली, हुशार. तिला बघायला पाहुणे आले, आणि चहा पिऊन झाल्यावर तिच्यादेखतच मुलाची आत्या म्हणाली, "पोरगी आपल्यातली वाटतच नाय. उद्या नातवंडं पन अशीच झाली म्हंजे?" पाहुणे गेले. नंदानं कात्री घेतली आणि केस मुळापासून कापून टाकले. मग बोलणं बंद, जेवण अर्धं, घराबाहेर पाऊल नाही. भिंतीवर रंगवलेल्या आजोबाकडे पाठ करून झोपायची. मावशी कारखान्यात यायची, पण ब्रश डोक्यात खोचणं तिनं सोडलं. "माज्या केसांपायी पोरगी अशी झाली," म्हणायची. मी इतकी चिडले की त्या आत्याचा पत्ता मागितला. मावशी म्हणाली, "तिला काय करतेस? माजी पोर परत आन."

शेवटी अण्णाच म्हणाले, "घेऊन ये तिला इथे. गर्दीचे दिवस आहेत, हात हवेतच." नंदा डोक्याला घट्ट ओढणी गुंडाळून आली आणि कोपऱ्यात बसली. गौरीच्या मुखवट्यांना अंगाचा रंग लावायचं काम तिला दिलं. शेजारीच उंदरांच्या तपकिरी रंगाचा डबा होता. पोरगी मान वर करत नव्हती; ब्रश चुकीच्या डब्यात बुडाला आणि तिनं एक अख्खी गौर उंदराच्या रंगानं रंगवून काढली. लक्षात आलं ते शेजारचा पोऱ्या हसला तेव्हा. "अरे, ही तर नंदाची बहीण!" सगळे हसले. नंदाचं तोंड उतरलं. तिनं ओला फडका उचलला.

"थांब," मावशी म्हणाली. तिनं मुखवटा ओढून घेतला आणि रंग अर्धा ओला असतानाच डोळे काढायला घेतले. ना दागिने झालेले, ना कुंकू, आणि आखणी! अख्ख्या आयुष्यात घाई न केलेली बाई, पण त्या दिवशी तिचा हात वाऱ्यासारखा चालला. अण्णा "अगं जने, अगं काय करतेस?" म्हणत येईपर्यंत गौर टक्क बघायला लागली होती.

"आता मारा फडका," मावशी म्हणाली.

अण्णा मुखवट्याकडे बघत राहिले. नियम त्यांचाच. ते डोकं खाजवत म्हणाले, "बरं फसवलंस हो मला," आणि हसणाऱ्या पोऱ्याला उगाचच पाणी आणायला पिटाळलं. मावशीनं मुखवटा नंदापुढे ठेवला. "केस तू काढ. माजं मला दिसत नाय, आन तुजं तू कापलंस. ध्यानात हाय तसं काढ."

नंदानं फडका खाली ठेवला. मग तिनं बारीक ब्रश घेतला आणि एकेक वळण काढत गेली. गौरीच्या कपाळावर, कानांवर, सगळीकडे कुरळे केस. काढता काढता रडत होती, थांबत मात्र नव्हती. आम्ही कुणी तिकडे बघत नसल्याचं ढोंग केलं. संध्याकाळी, इतक्या दिवसांनी, ती पहिलं वाक्य बोलली: "आये, आज्याचं केस पन असंच होतं?" मावशीनं नुसतं "व्हय" म्हटलं आणि तोंड पदरात घातलं.

ती गौर कुणी विकत घेतली नाही, आणि अण्णांनी ती विकायला मांडलीही नाही. मावशीनं ती वाडीवर नेली. नेताना म्हणाली, "गौर म्हंजे माहेरवाशीन. माज्या बापाकडचं कुनी माज्या घरी आजवर आलंच नव्हतं. ही पयलीच." त्या वर्षी वाडीतल्या बायका तिच्यापुढे फेर धरून नाचल्या. पहिल्यांदा दबकत, मग चांगल्या घाम येईपर्यंत. तिच्या रंगाबद्दल कुणी काही बोललं असेल तर मला ऐकू आलं नाही. मी तिथेच उभी होते, कंबरेवर हात ठेवून.

मावशी गेल्या उन्हाळ्यात गेली. छातीचं दुखणं अंगावर काढलं होतं. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. नंतर मी वाडीवर भेटायला गेले तर नंदा भिंतीपाशी बसली होती. मी भिंतीवरच्या ट्रककडे पाहिलं आणि पुढे झाले. खिडकीतल्या माणसाला तोंड होतं. रुंद नाक, किंचित हसणं, आणि नजर अशी, की ट्रक थांबवून आता खाली उतरेल. "शेवटी शेवटी आयनं मला रोज समोर बसवलं," नंदा म्हणाली. "म्हनाली, तुज्यात गावला माजा बाप. हलू नको."

मी रडणारी बाई नाही. त्या दिवशी मात्र भिंतीसमोर बसून मनसोक्त रडले, आणि जवळ रंग नव्हते.

या श्रावणात आमच्याकडे आखणीला नंदा असते. अण्णा आता थकलेत, ओरडाआरड माझ्याकडे आहे. परवा गिऱ्हाईकं दारात खोळंबली होती आणि नंदा सगळे डबे उचकत होती. "ताई, माजा ब्रश कुनी नेला?" मी तिच्याकडे पाहिलं. केस परत वाढलेत, चांगले दाट, कानांवर आलेत. मी नुसता माझ्या डोक्याला हात लावून दाखवला.