रानातला माणूस वाचताना

शिंप्याच्या मशीनखाली चिंध्या साठतात ना, तसे हे किस्से साठलेत. कापड एकच होतं, एक जाडजूड चरित्र. आम्ही चौघं ते वर्षभर वाचत बसलो आणि खाली हा एवढा ढीग झाला!

मी परंड्याच्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. माने गुरुजी आमचे सगळ्यात जुने वाचक. रानावनावर, पशुपक्ष्यांवर लिहिणारा एक लेखक त्यांचं दैवत. नाव सांगत नाही, पण शाळेत असताना तुम्हीही त्याचा धडा वाचलेला असणार. चाळीस वर्षं गुरुजींनी पोरांना तोच वाचून दाखवला, दर रविवारी माळावर नेऊन पक्षी दाखवले. त्या लेखकाचं चरित्र निघालं, तोवर काचबिंदूनं गुरुजींचे दोन्ही डोळे नेले होते.

पुस्तक मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उघडलं, वास घेतला, वजन केल्यासारखं वर-खाली केलं. म्हणाले, "दत्ता, हा माणूस गेला तेव्हा पेपरात चार ओळी आल्या होत्या. आता एवढं जाड पुस्तक! थोडी तरी भरपाई झाली म्हणायची. वाच."

रोज चार वाजता बसायचं ठरलं. गफूरचाचा दुकानाचं शटर अर्धं ओढून यायचे. ते शिंपी, आणि गुरुजींचे गल्लीतले लंगोटीयार. सरकारी दवाखान्यातनं रिटायर झालेल्या शकुंतला सिस्टर यायच्या. गुरुजींना हात धरून आणायच्या त्या कमलकाकू, त्यांच्या मंडळी. त्या मात्र दाराशी बसून शेंगा नाहीतर भाजी निवडायच्या. "मला न्हाय कळत त्यातलं," म्हणायच्या.

*

आमच्याकडं स्पर्धा परीक्षेची पोरं अभ्यासाला बसतात. आमच्या वाचनानं त्यांना त्रास व्हायचा. एकजण शेवटी उठून आला. चांगला होता पोरगा, अदबीनं बोलला.

"गुरुजी, एवढं वाचताय, ह्याच्यावर प्रश्न येतो का?"

गुरुजी म्हणाले, "येतो की. फक्त परीक्षेत येत नाही."

पोरगा जागेवर गेला. दोन वर्षांत तिसऱ्यांदा नापास झाला होता तो. हे गुरुजींना माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर ते दिवसभर स्वतःवर चरफडत राहिले.

*

माळढोक पक्ष्याचं प्रकरण आलं. चरित्रात लेखकाचा जुना लेखच दिला होता: गवताळ माळावरनं हा एवढा मोठा पक्षी हळूहळू कसा नाहीसा झाला. गुरुजींनी काळा चष्मा काढून डोळे पुसले.

गफूरचाचा खाली मान घालून बसलेले. म्हणाले, "गुरुजी, एक कबूल करायचंय. अब्बांनी एकदा एक मारून आणला होता. मी असंन नऊ-दहा वर्षांचा. अम्मीनं दुपारपासनं शिजवला."

गुरुजी ताडकन म्हणाले, "चाचा! अहो, माळढोक? खाल्लात?"

"खाल्ला. अन् चवबी लई चांगली न्हवती. म्हनून तर जास्त वाईट वाटतंय."

"पण एवढा मोठा पक्षी एका घरात संपला तरी कसा?"

"एका घरात कुठं! गल्लीत वाटला. तुमच्या माळकरी वडलांनीबी नेला होता की, धोतराच्या सोग्यात झाकून."

दाराशी शेंगा फोडायचा आवाज थांबला. त्या दिवशी पुढचं पान उलटलं नाही.

*

मग ते पान आलं. तरुणपणी लेखक चाळीस दिवस जंगलात होता. घरी दीड वर्षाची मुलगी तापानं गेली. निरोप पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. चरित्रकारानं त्या दिवसाची त्याची डायरी छापली होती: 'घरट्यात तीन अंडी. एकावर तपकिरी ठिपके.'

सिस्टरनी माझ्या हातातनं पुस्तक घेतलं आणि मिटलं.

"अंडी मोजली. पोरीचा ताप कुणी मोजला?"

गुरुजी चाचरत म्हणाले, "सिस्टर, त्याला कळलं कसं असतं? रानात फोन..."

"तुम्ही त्याची बाजू घेऊ नका!" असं म्हणून त्या गेल्याच.

तीन दिवस त्या आल्या नाहीत. चौथ्या दिवशी आल्या, नेहमीच्या खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"त्याच्यावर नव्हते चिडले, गुरुजी. माझा दिनेश गेला तेव्हा मी ड्युटीवर होते. दुसऱ्याच्या लेकराला सलाईन लावत होते." आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "वाचा दत्ताभाऊ. ठिपक्यांपासनं पुढं वाचा."

सिस्टरना मूल होतं हे परंड्यात आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

*

दिवाळीनंतर गफूरचाचांना धाप लागायला लागली. येणं बंद झालं. मग मीच पुस्तक घेऊन त्यांच्या घरी जायचो, एक-दोन पानं वाचायचो. थंडीत आपल्याकडं येणाऱ्या धोबी पक्ष्याचं प्रकरण चालू होतं. एवढासा जीव, शेपूट हलवत हिमालयापलीकडनं येतो आणि उन्हाळा लागला की परत जातो.

चाचांनी विचारलं, "परत जायची वाट त्याला कोन सांगतं?"

मी पुढं वाचलं. हे अजून कुणाला पुरतं उमगलेलं नाही, असं लेखकानं लिहिलं होतं.

"चांगलं हाय," चाचा म्हणाले. "म्हनजे न विचारता जाता येतं."

जुम्म्याच्या दिवशी ते गेले. कबरस्तानात गुरुजींनी माझा हात धरून तीन मुठी माती दिली. तिसरी मूठ त्यांच्याकडनं लवकर सुटेना.

सोमवारी वाचायला बसलो. गुरुजी सवयीनं म्हणाले, "थांब जरा, चाचांना येऊ दे."

मी पानातली खूण काढली. सिस्टर खिडकीबाहेर बघायला लागल्या. काकू मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कुठनं येत्याल? तुमीच माती देऊन आलाव न्हवं!"

काकूंचं असंच. उगं गोड बोलणं त्यांना कधी जमलं नाही.

*

गुरुजींकडं एक पोस्टकार्ड होतं. नवीन नोकरी लागली तेव्हा त्यांनी लेखकाला पत्र लिहिलं होतं, त्याचं उत्तर. 'तुमच्यासारखे शिक्षक आहेत तोवर रानाला भीती नाही,' एवढंच. गुरुजींनी ते लॅमिनेट करून घेतलेलं, कायम झब्ब्याच्या आतल्या खिशात. अख्ख्या तालुक्यानं ते वाचलंय!

चरित्र शेवटाकडं आलं होतं. मी वाचत होतो आणि एका वाक्यावर अडखळलो.

"काय झालं? वाच."

वाचलं. लेखकाच्या हाताला कमी वयातच कंप सुटला. त्यानंतर वाचकांची सगळी उत्तरं त्याच्या पत्नीनं लिहिली. बरेचदा मजकूरही तिचाच असे, सहीसुद्धा. साल दिलेलं होतं. गुरुजींच्या पोस्टकार्डाच्या आधीचं.

गुरुजींनी खिशातनं कार्ड काढलं, त्यावरनं अंगठा फिरवला. मग हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

"म्हणजे जन्मभर मी त्याच्या बायकोचं पत्र छातीशी धरून हिंडलो!"

दाराशी काकू म्हणाल्या, "धरलं ते बरं केलं. म्या तुमाला बाळंतपनाला गेल्यावर तीन लिवली होती. त्यातलं एखांदं हाय का?"



*

त्यानंतर आठ दिवस गुरुजी आले नाहीत. नवव्या दिवशी सकाळीच निरोप आला, रिक्षा घेऊन ये. मी गेलो तर दोघं तयार होऊन ओट्यावर बसलेले. काकूंनी ठेवणीतलं लुगडं नेसलेलं.

गुरुजी म्हणाले, "हिला माळ दाखवायचाय. चाळीस वर्षं लोकांची पोरं नेली, हिला कधी नेलं नाही."

अर्ध्या तासात पोचलो. मी खाली उतरलो आणि मागं वळून बघायचं धाडस झालं नाही. गुरुजींचा माळ राहिला नव्हता. समोर तारेचं कुंपण आणि त्यामागं, नजर पोचेल तिथवर, सोलरच्या काळ्या पाट्या.

गुरुजी काकूंच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. "बघ. आता तू मला सांगायचं. काय दिसतंय?"

काकूंनी एकदा कुंपणाकडं, एकदा गुरुजींकडं बघितलं. मग म्हणाल्या, "हरणं हायत."

"किती?"

"सात."

"त्यात काळं आहे का?"

"एक हाय, शिंगाचं. बाकी समद्या बाया."

"काय करतायत?"

"चरत्यात. एक आपल्याकडं बघतीया."

गुरुजींनी मान कलती केली. कुंपणापलीकडच्या कुठल्याशा लोखंडी पेटीतनं गुं-गुं आवाज येत होता.

"हा आवाज कसला गं?"

"वाऱ्याचा."

"वारा तर पडलाय, कमल."

रिक्षावाला उगंच आरसा पुसायला लागला.

गुरुजींनी चाचपडत काकूंचा हात शोधला.

"बरं," ते म्हणाले. "ती आपल्याकडं बघणारी, ती उभी आहे का अजून?"

"उभी हाय," काकू म्हणाल्या.