भोंग्याचं तोंड

"सावली हटवा," असं म्हणून तो आधी तबकडीवर फुंकर मारायचा. मग ती कडेनं धरून उन्हात तिरपी करायचा, एक डोळा मिटून बघायचा आणि पुन्हा फुंकर. मांडवात नवरदेव ताटकळलेला असो की पुढारी आलेला असो, फुंकर झाल्याशिवाय गाणं नाही. आमच्या वालूरचा हा रेकॉर्डवाला आता नाही. स्वभावानं चांगला होता असं मी म्हणणार नाही. चिडका होता. पण त्याच्यासारखं काम करणारा दुसरा मी पाहिला नाही.

मी लग्नांत स्वयंपाकाला जायची, तो गाणी लावायला. माझी चूल आणि त्याचं मशीन मांडवामागं शेजारीशेजारी.

"वैनी, तुमची फोडणी माझ्या गाण्यात पडायलीय!"

"मग गाण्याला चव तरी येईल."

तुमच्या गावात तुम्हीही पाहिलं असेल, लग्न म्हटलं की भावकीतलं एक घर रुसलेलं असतंच. पत्रिका देऊनही ते येत नाही. अशा वेळी हा यजमानाला बोलवायचा आणि म्हणायचा, "भोंग्याचं तोंड त्यांच्या घराकडं करा. पण तुमच्या हातानं. मी केलं तर ते माझं काम झालं, तुमचं बोलावणं न्हाई." यजमान कुरकुरत छपरावर चढायचा, भोंगा फिरवायचा. गाणं थेट रुसलेल्यांच्या अंगणात पडायचं. पुष्कळदा ती माणसं अक्षता पडायच्या आत येऊन उभी राहायची, आणि मी भाजीत पाणी वाढवायची.

पुढं त्याच्याच थोरल्या भावानं मुलीच्या लग्नात परभणीहून डीजे आणला. मुलीचा हट्ट होता, त्यात वावगं काही नव्हतं. पण याला आधी कुणी विचारलं नाही. हा घरात बसून राहिला. डीजेच्या पेट्या वरातीपुढं धडधडत गेल्या. याच्या घराकडं कुणी काही फिरवलं नाही. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद. पिठाच्या गिरणीत समोरासमोर आले तरी एक छताकडं बघायचा, दुसरा जमिनीकडं.

मग आमच्या वाचनालयानं जुन्या तबकड्या आणि डीजे असा एकत्र कार्यक्रम ठरवला. थोरला भाऊ वाचनालयाचा अध्यक्ष. तो काही याच्याकडं गेला नाही, ग्रंथपालबाई गेल्या. यानं मशीन दिलं, भोंगा दिला, तबकड्याही दिल्या आणि सांगितलं, "बघायला ठेवा. वाजवू नका. मी येनार न्हाई."

कार्यक्रमाला गाव लोटलं. पोरं तबकड्यांभोवती गर्दी करून उभी, डीजेवाला तारा जोडतोय, मी अंगणात मसालेभात ढवळतेय. अध्यक्षांचं लक्ष मात्र सारखं फाटकाकडं. मला राहवलं नाही.

"फाटकाकडं काय बघायलाव? भोंगा कुणीकडं फिरवायचा ठाऊक न्हाई का?"

"वाजवू नका म्हनलाय तो."

"मग बंद करायला येईल. येईल तर खरं."

इस्त्रीच्या कपड्यांत अध्यक्ष वाचनालयाच्या छपरावर चढले. भोंगा भावाच्या घराकडं केला. खाली उतरून स्वतःच एक तबकडी लावली. मशीनला गती कमीजास्त करायचं बटण असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. भलत्याच गतीनं गाणं सुरू झालं. गाणारी बाई कोंबडीच्या पिलासारखी चिवचिवायला लागली. लोक पोट धरून हसले.

गाणं अर्ध्यात आलं नाही तोच तो फाटकातून आत. पायांत चप्पल नाही, एका गालावर दाढीचा साबण. यायचं नव्हतं म्हणे. मग दाढी कुणासाठी चालली होती, ते मी विचारलं नाही.

"कोन्या येड्यानं लावली ही?"

"मी," थोरला म्हणाला.

हा भावाकडं बघतच राहिला. मग म्हणाला, "सरक."

बटण फिरवलं, सुई पुन्हा पहिल्यापासून ठेवली. बाईचा आवाज जागेवर आला. डीजेवाल्यानं त्या गाण्याखाली आपला ठेका हळूच सोडला. हा डोळे वटारून ऐकत होता. थोड्या वेळानं त्याची मान हलायला लागली. शाळेच्या पोरी नाचल्या, त्यांच्या आया नाचल्या. डीजेवाल्यानं आपला हेडफोन काढून याच्या कानांवर चढवला आणि म्हणाला, "काका, आतून ऐका."

आता हेडफोन घातला की माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. गाणं संपलं, अंगण शांत झालं, आणि हा भावाकडं वळून केवढ्यानं तरी ओरडला, "दादा, जेवलास का?"

थोरल्यानं पुढं होऊन त्याच्या एका कानावरचा हेडफोन उचलला. "न्हाई. चल."

मी दोघांना एकाच ताटात वाढलं. दुसरं ताट विसळायला मला वेळ नव्हता.