अक्का आणि माझा जळगावचा पगार

अक्कांनी कोणाला "कसे आहात?" असं विचारल्याचं मला आठवत नाही. त्या विचारत, "पुरावा आणला का?" धुळ्यातल्या देवपूरच्या आमच्या कॉलेजात पगाराचं टेबल त्यांच्याकडे होतं. कोणाच्या पगारातून दरमहा किती टॅक्स कापायचा हे त्या ठरवत. म्हणजे ठरवायचं सरकारच, पण सरकार धुळ्यात राहत नसल्यामुळे शिव्या अक्कांच्या वाट्याला येत. आमच्या एका मित्राने लग्न ठरल्याचे पेढे त्यांच्या टेबलावर ठेवले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अभिनंदन सर. वडिलांच्या नावाची भाडेपावती पुढच्या वर्षी चालू ठेवायची, की सासऱ्यांच्या नावाची येणार?"

दर एप्रिलमध्ये सगळा स्टाफ त्यांना तोंड भरून आश्वासनं लिहून द्यायचा. इतका विमा भरीन, इतकी गुंतवणूक करीन, इतकं भाडं देतो. त्यावर भरवसा ठेवून अक्का वर्षभर कमी टॅक्स कापत. जानेवारीत त्या पावत्या मागत आणि निम्म्या लोकांच्या पावत्या जन्मालाच आलेल्या नसत. मग वर्षाचा सगळा राहिलेला टॅक्स फेब्रुवारीच्या पगारातून एकदम जाई. त्या महिन्यात स्टाफरूममधला चहा अक्कांच्या टेबलापर्यंत पोचत नसे. त्या घरून थर्मास आणत. "दरसाल हाईच शे," असं म्हणून झाकणात चहा ओतून घेत आणि पुढची फाइल उघडत. एरवी शुद्ध मराठी बोलणाऱ्या अक्का वैतागल्या की अहिराणीवर येत.

त्यांच्या दोन सवयी मात्र सगळ्यांना मान्य होत्या. एकाचा पगार त्यांनी कधी दुसऱ्याला कळू दिला नाही. टेबलावर पगाराची स्लिप ठेवली तरी पालथी ठेवत. एका सरांच्या सौभाग्यवती चौकशीला आल्या, तर त्यांना पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली आणि "ते घरीच विचारा" एवढं सांगून परत पाठवलं. दुसरी सवय म्हणजे तोंडी उत्तर घ्यायचं नाही. काहीही सांगितलं की फुलस्केपचा अर्धा तुकडा समोर सरकवत. "लिहून द्या. खाली सही."

मी या कॉलेजात आलो तो ऑक्टोबरमध्ये, जळगावची नोकरी सोडून. सोडण्याचं कारण साधं होतं, तिथे पगार कमी होता. पण पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये कोणीतरी विचारलं, "जळगावला काय देत होते?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "इथल्यापेक्षा जास्तच. पण म्हटलं, पैसा काय, धुळ्याची हवा बरी." धुळ्याच्या हवेसाठी आजवर कोणी जळगाव सोडलं असेल असं मला वाटत नाही, पण लोकांनी ते ऐकून घेतलं. प्राचार्यांनी तर ते उचलूनच धरलं. बाहेरचं कोणी आलं की माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "हे जास्त पगार सोडून आमच्याकडे आलेत." मी नम्रपणे खाली पाहत असे.

त्याच आठवड्यात अक्कांनी पहिल्यांदा विचारलं, "सर, जळगावच्या पगाराचा दाखला?"

"तिथला हिशेब तिथेच मिटला, अक्का."

"सरकारचा नाही मिटत. तिथले सहा महिने आणि इथले सहा महिने एकत्र धरून टॅक्स कापावा लागतो."

मी हसून विषय बदलला. दाखला दिला असता तर माझा खरा पगार एका माणसाला तरी कळला असता. त्या कोणाला सांगणार नाहीत हे मला ठाऊक होतं, पण त्यांना तरी का कळावा? जानेवारीत त्या माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. साठ पोरांसमोर म्हणाल्या, "सर, तो कागद." पोरांना वाटलं, मी कुठलीतरी परीक्षा नापास झालोय. फेब्रुवारीत त्यांनी मला टेबलापाशी बोलावलं. "सर, दोन घरी जेवलात आणि दोन्हीकडे उपाशी आहे म्हणून सांगितलंत, तरी पोट एकच असतं. मागाहून दुखेल."

"मागची नोकरी नाहीच असं समजा, अक्का."

अर्धा कागद समोर आला. मी त्यावर "मागील नोकरीचा पगार : निरंक" असं लिहिलं आणि खाली झोकात सही ठोकली.

नुसत्या इथल्या सहा महिन्यांच्या पगारावर टॅक्स बसतच नव्हता. जळगावलाही पगार कमी म्हणून कापला नव्हता. फेब्रुवारीत इतरांचे पगार भुईसपाट झाले आणि माझा सगळाच्या सगळा हातात आला. "नियोजन लागतं," असं मी दोघातिघांना समजावून सांगितलं. घरी मोठा फ्रीज आणला.

जुलैत मी स्वतःच रिटर्न भरायला बसलो, तेही स्टाफरूममध्ये, चारचौघांना शिकवत. सरकारच्या साइटवर माझे दोन्ही पगार आधीच येऊन बसले होते, शेजारी शेजारी. साइटने बेरीज केली. एकेकट्या पगारावर शून्य असलेला टॅक्स दोन्ही मिळून चौऱ्याहत्तर हजारांच्या वर गेला, वर व्याज.

यावर शहाण्या माणसाने लॅपटॉप बंद केला असता. मी ओरडलो, "अक्कांनी टॅक्स कापलाच नाही! बुडवलं मला!"

फेब्रुवारीपासून धुमसत असलेल्या मंडळींना हे अमृतासारखं लागलं. दुपारपर्यंत ते प्राचार्यांकडे आणि संध्याकाळपर्यंत संस्थेच्या सचिवांकडे पोचलं. सचिव म्हणजे शेठजी, आग्रा रोडवरचे कापडाचे व्यापारी. आणि अक्कांची मुदतवाढ त्याच आठवड्यात त्यांच्यापुढे होती. महिनाअखेर अक्का निवृत्त होणार होत्या. दोन वर्षं वाढवून मिळाली तर त्या देवपूरच्या आपल्या घरात, आपल्या मर्जीने राहणार होत्या. नाहीतर घराला कुलूप लावून पुण्याला मुलाकडे नात सांभाळायला जाणं ठरलेलं होतं. "नात गोड आहे," त्या म्हणत, "पण मला अजून कोणाची आजी म्हणून दिवस काढायचे नाहीत. मला माझं टेबल पाहिजे." हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं.

शेठजींनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. प्राचार्य बाजूला बसले होते.

"बाई, या सरांचा टॅक्स का नाही कापला?"

अक्कांनी माझी फाइल आणली होती. ती त्यांनी शेठजींपुढे नाही, माझ्यापुढे उघडून ठेवली. "सर, तुम्हीच सांगा."

वरच तो अर्धा कागद होता. माझं अक्षर, माझी झोकदार सही. शेठजींच्या खुर्चीतून तो वाचता येत नव्हता. मी खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, "मग तिथे पगार होता तरी किती?" आणि प्राचार्य माझ्याकडे मोठ्या कौतुकाने पाहत होते.

"थोडा गैरसमज झाला, शेठजी," मी म्हणालो. "मिटलं ते."

"मिटलं ना? बरं." शेठजींनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. अक्कांनी फाइल मिटली, नाडी बांधली आणि त्या निघून गेल्या.

मुदतवाढ मिळाली नाही. पगाराचं काम नव्या सॉफ्टवेअरवर जाणार, शिवाय हल्ली तक्रारीही यायला लागल्या आहेत, असं प्राचार्यांनी सांगितलं. तक्रारी म्हणजे मी. टॅक्स भरायला मला बायकोची ठेव मोडावी लागली. ती म्हणाली, "पगाराच्या फुशारक्या तुमच्या आणि एफडी माझी!"

निरोप समारंभात चार शब्द बोलायला मला उभं केलं, कारण मी गमतीदार बोलतो अशी माझी ख्याती आहे. मी जळगावचा खरा आकडा सांगितला. निरंक लिहिल्याचं सांगितलं. अक्कांनी तीनदा मागितल्याचंही सांगितलं. सभागृह हसून हसून आडवं झालं. त्यांना वाटलं, प्रसंगाला शोभेल म्हणून मी किस्सा रचलाय. शेठजी शाल-नारळ देऊन आधीच निघून गेले होते. अक्का हसल्या नाहीत.

बाहेर स्कूटीपाशी मी त्यांना गाठलं. "अक्का, सगळ्यांसमोर सांगितलं."

त्यांनी नारळ डिकीत नीट बसवला. "जठे सांगानं व्हतं तठे सांगं नही, भाऊ," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. पण "सर" ऐवजी मी "भाऊ" झालो होतो, आणि ती बढती नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी शेठजींच्या दुकानात गेलो. एका गिऱ्हाईकाच्या साडीची घडी होईपर्यंत थांबलो आणि सगळं सांगितलं. आकडा त्यांनी विचारला नाही, तरी सांगितला.

"बाईंच्या हातात कागद होता ना?" शेठजी म्हणाले. "मग त्या का नाही बोलल्या?"

"पगार माझा होता, शेठजी."

त्यांनी गल्ला बंद केला. "आता काय, ते सॉफ्टवेअर घेतलं. पैसे देऊन झाले. चहा घेता?"

मी चहा घेतला. नाही म्हणायला हवं होतं, हे पायऱ्या उतरताना लक्षात आलं.

आठवड्याने मी अक्कांना फोन केला. त्या पुण्याला पोचल्या होत्या. शेठजींना जाऊन सांगून आल्याचं मी सांगितलं.

"किती सांगितला?"

"होता तेवढाच, अक्का."

"बरं," त्या म्हणाल्या. मागे लहान मूल रडायला लागलं. "ठेवते आता. नात उठली."