भोंगा न वाजवण्याचा पर्याय

ऑफिसात सगळे तिला ताई म्हणायचे, अगदी साहेबसुद्धा. सेहेचाळिशीची ताई चष्म्याच्या दुकानावरच्या तिसऱ्या मजल्यावर बसून मोबाइल गेमच्या गोष्टी लिहायची. आधी पंधरा वर्षं रेडिओसाठी श्रुतिका लिहिल्या होत्या. ते काम बंद पडल्यावर इथे आली, तेव्हा तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. साहेबांनी पहिल्याच आठवड्यात तिला या धंद्याची खुबी समजावून सांगितली होती. खेळणाऱ्याला दोन-तीन पर्याय द्यायचे, रस्ता फुटला असं त्याला वाटू द्यायचं आणि दोन वळणांनंतर सगळे रस्ते गुपचूप एकाच जागी आणायचे. नाहीतर चित्रं काढणाऱ्यांच्या बोटांची सालटी निघतील.

तिचा खेळ पाच भागांचा होता, दर दोन महिन्यांनी एक भाग. धरणाचे दरवाजे उघडणारा एक कामगार, त्याची मुलगी आणि नदीच्या पात्रात वाहून गेलेला एक माणूस. गोष्ट घरचीच होती. ताईचे वडील, अप्पा, तीस वर्षं धरणावर नोकरीला होते. ती अकरा वर्षांची असताना एका दुपारी पाणी सोडलं गेलं आणि खाली एक माणूस बुडाला. भोंग्याची मोटर जळलेली होती, अप्पांचा काही दोष नव्हता, असं चौकशीत ठरलं होतं. ताईने हे लहानपणापासून इतक्यांदा सांगितलं होतं, की लिहिताना तिला कुठे अडायलाच झालं नाही.

दुसरा भाग बाहेर पडला आणि अप्पांनी खेळ बघायला मागितला. आई गेल्यापासून ते ताईकडेच राहत होते. तिने जुना टॅब काढून दिला, बोट कुठे ठेवायचं ते दाखवलं आणि ऑफिसला गेली. संध्याकाळी परतली तर ते जेवणाच्या टेबलाशी, नाकावर घसरलेला चष्मा घेऊन तिथेच. तिला हसू आलं. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी म्हाताऱ्याला खेळाचं वेड लागलं म्हणून तिने ऑफिसात मजेने सांगितलंसुद्धा.

कोणी कुठे काय निवडलं याची नोंद ऑफिसात होत असे. तिथे नावं नसत, पण घरच्या टॅबचा क्रमांक तिला ठाऊक होता; एका सकाळी ती सहज त्या खात्यावर गेली. अप्पांनी दुसरा भाग अकरा वेळा खेळला होता. वरून हुकूम येतो तिथे कधी लगेच दरवाजा उघडला होता, कधी थांबले होते, कधी फोनच घेतला नव्हता. प्रत्येक वेळी माणूस बुडालाच होता, कारण ताईने तसंच लिहिलं होतं. पण खरी गोष्ट पुढेच होती. खोलीच्या भिंतीवर भोंग्याचं लाल बटण होतं. ते नुसतं चित्र, दाबून काहीच होत नसे. त्या बटणावर दोनशे चौदा वेळा बोट पडलं होतं.

हात थरथरत असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पण दिवसभर तिचं कामात लक्ष लागलं नाही.

त्या संध्याकाळी अप्पांनीच विचारलं, "हे बटण दाबलं का जात नाही?"

"मोटर जळलेली आहे ना. तुम्हीच सांगत होतात."

अप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "जळली नव्हती," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं, आवाज न चढवता, हजेरीपुस्तक वाचून दाखवावं तसं. त्या आठवड्यात दोनदा भोंगा वाजवला होता आणि दोन्ही वेळा पाणी सोडावंच लागलं नव्हतं. खालच्या वस्तीतली माणसं वर येऊन तोंडाला येईल ते बोलून गेली होती. इंजिनिअरही हसला होता. तिसऱ्यांदा हुकूम आला तो भर दुपारी. हात बटणापर्यंत गेला होता. या वेळेला पात्रात कोण असणार, असं मनात आलं आणि त्यांनी हात खाली घेतला. दहा मिनिटांनी दुर्बिणीतून पिवळा सदरा दिसला. डावी बाही खांद्यापाशी उसवलेली. तो माणूस हात हलवत होता. दरवाजे पुन्हा बंद व्हायला चाळीस मिनिटं लागत. संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने तारांना तार लावून मोटर जाळली.

त्या संध्याकाळी अप्पांच्या हातांना जळका वास येत होता, हे ताईला आठवत होतं. साबण तिनेच आणून दिला होता.

 मग अप्पा म्हणाले, "तो रस्ता घाल त्यात."

ती पंधरा दिवस टाळत राहिली. अप्पा रोज विचारत नव्हते, पण ती घरात शिरली की टॅब पालथा ठेवत, आणि तिला ते जास्त लागायचं. शेवटी तिने तिसऱ्या भागात गोष्ट त्या दुपारच्या मागे नेली, दोनदा उगाच भोंगा वाजायला लावला, कामगाराला वस्तीच्या शिव्या खायला लावल्या आणि चौथ्या भागात चालू भोंगा आणि रिकामं दिसणारं पात्र समोर ठेवलं. पिवळा सदरा आणि उसवलेली डावी बाहीसुद्धा अप्पांनी सांगितली तशीच घातली. साहेबांना वाटलं, काय कल्पना सुचली आहे बाईंना. चौथा भाग बाहेर पडला. शंभरातल्या एकाहत्तर जणांनी भोंगा वाजवला नाही. साहेबांनी ऑफिसात सगळ्यांना आइस्क्रीम आणलं.

ताईने तो आकडा घरी जाऊन सांगितला. अप्पांना जरा हलकं वाटेल, अशी तिची आशा होती.

"त्यांना ठाऊक होतं की खरं कोणी मरणार नाही," अप्पा म्हणाले. "मला ते ठाऊक नव्हतं."

सहाव्या दिवशी ऑफिसच्या पत्त्यावर मेल आला. साहेबांनी तो हसत तिच्याकडे पाठवला, लोक कसे गुंततात बघा म्हणून. मजकूर एवढाच होता: "माझ्या भावाचं प्रेत सापडलं तेव्हा अंगावर सदरा नव्हता. डाव्या बाहीची शिवण उसवली होती, हे तुम्हाला कोणी सांगितलं? ती मी त्या दिवशी शिवणार होते."

 दोन दिवस तिने उत्तरं लिहिली आणि पुसली. योगायोग म्हणता आलं असतं, किंवा नुसतं गप्प बसता आलं असतं. तिसऱ्या दिवशी तिने अप्पांना मेल वाचून दाखवला.

"घरचा पत्ता दे तिला," अप्पा म्हणाले.

बुधवारी चार वाजता एक साठीची बाई आली. पाणीसुद्धा घेतलं नाही. अप्पांनी तिला सारं पुन्हा सांगितलं, मोटरीसकट.  शेवटी ती म्हणाली, "इतकी वर्षं आम्ही मोटरीला शिव्या दिल्या." मग तिने पिशवीतून कोरा कागद काढून टेबलावर ठेवला. अप्पा चष्मा शोधायला लागले तसं ताईने पेन घेतलं, तर ती बाई म्हणाली, "त्यांनीच लिहायचं."

दीड पान लिहायला त्यांना तासभर लागला. तिने कागदाची घडी घातली आणि गेली. काय करणार, ते सांगितलं नाही.

पुढे सात आठवडे काहीच झालं नाही. लिफ्ट त्यांच्या मजल्यावर थांबली की अप्पा उठून उभे राहत आणि शेजाऱ्यांचं दार वाजलं की पुन्हा बसत. मग पाटबंधारे खात्याची नोटीस आली. चौकशी नव्याने उघडली होती.

चौकशीच्या दिवशी ताई आणि अप्पा कचेरीच्या लांबट व्हरांड्यात एका बाकावर बसले. समोरच्या बाकावर ती बाई, आणि तिच्याशेजारी छत्तिशीचा एक माणूस. तो बुडालेल्याचा मुलगा, बाप गेला तेव्हा रांगत असलेला. शिपायाने अप्पांना आत बोलावलं. अप्पांनी ताईचा हात सोडवून घेतला आणि एकटेच गेले.

तो माणूस उठून ताईच्या बाकाशी आला. खेळ पहिल्यापासून तोच खेळत होता. चौथ्या भागाच्या वेळी आत्या शेजारी बसून बघत होती.

"तुम्हाला कळलं असेल ना, कोणी काय निवडलं ते?" त्याने विचारलं.

नावं कळत नाहीत, नुसते आकडे येतात, असं ताईने सांगितलं.

त्याने मान हलवली. "मीही नाही वाजवला," तो अगदी हळू म्हणाला. "आत्याच्या देखत."

ताई बाकावर थोडी सरकली. तो बसला नाही, पण परतही गेला नाही. दोघंही त्या बंद दाराकडे बघत राहिली. आतून कोणीतरी मोठ्याने तारीख विचारत होतं, आणि अप्पांचं उत्तर काही ऐकू येत नव्हतं.